न्यायाधीशाला देव विचारावा का?



आमच्या वस्तीतल्या वाचनालयात रोज संध्याकाळी येणारा एक मुलगा एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील रिक्षा चालवतात, आई भाजी विकते, आणि हा पोरगा इंग्रजी निकालपत्रे वाचतो, याचे आम्हांला फार कौतुक. गेल्या महिन्यात त्याला कॉलेजात एक निबंध वाचायचा होता. विषय असा की, न्यायाधीश नेमताना त्याची धर्मश्रद्धा पाहावी की पाहू नये. आणि उदाहरण घ्यायचे अमेरिकेचे. "काका, तुम्ही रोज पेपर वाचता, जरा ऐका ना," म्हणून त्याने कागद पुढे केले. आम्ही पडलो बी.कॉम., पेशाने कारकून. कायदा आम्हांला ठाऊक तो रजेच्या नियमांपुरता. तरीही मुलाने विचारले म्हणून आम्ही चष्मा पुसून तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. "विचारावी. अगदी स्पष्ट विचारावी. ज्याच्या हाती लोकांचे जगणे-मरणे द्यायचे, त्याच्या मनात काय आहे ते आधी कळायला नको?"

मुलगा जरा थांबला. मग म्हणाला, "काका, तिथली घटनाच नाही म्हणते."

ते कागद आम्ही घरी आणले. दोन रविवार त्यात गेले. आणि त्या दोन रविवारांत आमचा निकाल आमच्याच हातून फिरला. तो का फिरला यात आमच्या पदरची एक जुनी चूकही आहे. ती पुढे सांगू, आधी अमेरिकेचे पाहू.

अमेरिकेची घटना १७८७ साली फिलाडेल्फिया शहरात लिहिली गेली. तिच्या सहाव्या कलमात असे म्हटले आहे की, सरकारी पदाला पात्र ठरण्यासाठी कधीही, कोणतीही धर्मपरीक्षा लावली जाणार नाही. ज्या काळात इंग्लंडात सरकारी पदासाठी राजाच्या चर्चचा प्रसाद घ्यावा लागे आणि खुद्द अमेरिकेच्या कित्येक राज्यांत ख्रिस्ती असल्याचे कबूल केल्याशिवाय पद मिळत नसे, त्या काळात हे लिहिले गेले. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. पदाधिकाऱ्याने घटनेशी बांधून घ्यायचे ते 'शपथ किंवा प्रतिज्ञा' करून. म्हणजे ज्याला देवाचे नाव घ्यायचे नाही त्याने नुसती प्रतिज्ञा करावी. आपल्या घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतही न्यायाधीशाला अशीच मोकळीक आहे. ज्याला हवे त्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी, ज्याला नको त्याने गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे.

हे कलम सगळ्यांना रुचले असे नाही. १७८८ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात घटनेवर चर्चा झाली तेव्हा काही सभासदांनी भीती घातली की, अशाने उद्या पोप नाहीतर मुसलमानसुद्धा मोठ्या पदावर येऊन बसेल! वाचकांनी ही भीती लक्षात ठेवावी. ती अजून संपलेली नाही.

शिवाय ते कलम फक्त केंद्र सरकारच्या पदांना लागू होते, राज्यांना नव्हते. त्यामुळे एका हिशेबनिसाला पुढे फार त्रास झाला. त्याची हकीगत आम्हांला सर्वांत जवळची वाटली, कारण तो आमच्याच जातकुळीचा, म्हणजे खतावणी लिहिणारा. त्याचे नाव रॉय टोरकासो. मेरीलँड राज्यात एका बांधकाम कंपनीत तो हिशेब लिहीत असे. कंपनीच्या कामासाठी त्याला नोटरी व्हायचे होते. नोटरी म्हणजे काय, तर कागदावर शिक्का मारणारा, सही खरी आहे म्हणून सांगणारा माणूस. तेवढ्याशा पदासाठीही मेरीलँडच्या राज्यघटनेप्रमाणे 'देवाच्या अस्तित्वावर माझा विश्वास आहे' असे जाहीर करावे लागे. टोरकासो म्हणाला, मी नाही करणार. नेमणूक हातची गेली. त्याच्या जागी आणखी कुणी असता तर एक वाक्य तोंडातल्या तोंडात पुटपुटून शिक्का घेऊन घरी गेला असता. हा हिशेबनीस कोर्टात गेला, खालच्या कोर्टांत हरला, आणि शेवटी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले. त्या निकालपत्राच्या एका तळटीपेत त्यांनी म्हटले आहे की, ज्यांच्यात देवाच्या अस्तित्वावर विश्वास ठेवण्याची शिकवण नाही असेही धर्म या देशात आहेत. आणि त्यांच्या यादीत पहिले नाव बौद्ध धम्माचे आहे. आम्ही ती तळटीप मुलाकडून तीनदा वाचून घेतली.

तर पुढचे दार असे बंद झाले. पण कचेरीत काम करणाऱ्या माणसाला हे सांगायला नको की, नियमाने बंद केलेली गोष्ट मागच्या दाराने कशी आत येते.

तिकडे न्यायाधीश नेमण्याची रीत अशी आहे. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो. मग सिनेटची न्यायविषयक समिती त्या माणसाला पुढ्यात बसवून सगळ्यांसमक्ष प्रश्न विचारते. मग सिनेटात मतदान होते. एकदा निवड झाली की माणूस हवे तर तहहयात त्या खुर्चीवर बसू शकतो. आपल्याकडे १९९३ पासून न्यायाधीशांचे मंडळच बंद खोलीत नावे ठरवते, तसे नाही. तिकडे सगळे उघड्यावर. उघड्यावर असल्यामुळे तिथे मनातले विष दिसते तरी.

१९१६ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी लुई ब्रॅन्डाइस यांचे नाव सुचवले. गोरगरिबांच्या बाजूने, बड्या कंपन्यांविरुद्ध लढणारा नामांकित वकील. पण ज्यू. त्यापूर्वी त्या न्यायालयात एकही ज्यू न्यायाधीश बसला नव्हता. चार महिने वाद चालला. कुणी उघड म्हणत नव्हते की ज्यू आहे म्हणून नको. म्हणायचे काय, तर न्यायाधीशाला शोभेसा स्वभाव नाही! ४७ विरुद्ध २२ मतांनी अखेर ते निवडले गेले. तिथे आधीपासून बसलेले न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स ज्यूंबद्दलचा आपला द्वेष लपवण्याचीही तसदी घेत नसत. 'स्वभाव बरा नाही' ही शिफारस आपल्यापैकी किती जणांच्या गोपनीय अहवालात लिहिली गेली असेल, ते वाचकांनीच आठवावे.

पुढे उलटे झाले. पूर्वी जे अडवायला वापरत तेच मिरवायला वापरू लागले. एक जागा कॅथलिकांची, एक जागा ज्यूंची, अशी रूढीच पडली. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची निवडणूक तोंडावर आली होती. त्यांनी न्यू जर्सी राज्यातले विल्यम ब्रेनन यांना नेमले. ब्रेनन कॅथलिक होते, आणि कॅथलिक मतांवर तेव्हा राष्ट्राध्यक्षांचा डोळा होता हे जगजाहीर आहे. पुढच्या वर्षी सुनावणीत त्यांना विचारण्यात आले की, तुमच्या चर्चचा आदेश आणि घटनेची शपथ यांत तेढ आली तर तुम्ही काय कराल? विचारणारे सिनेटर ओमहोनी स्वतः कॅथलिक होते. बाहेरच्या एका संघटनेने आक्षेप घेतला म्हणून त्यांनी हा प्रश्न पुढे ठेवला. ब्रेनन यांचे उत्तर सरळ होते. घटनेला बांधील राहण्याची शपथ घेतली की निकाल देताना तीच आपल्याला बांधील, दुसरे काही नाही, अशा अर्थाचे.

हे बोलणे खरे होते की पद मिळवण्यापुरते? ब्रेनन १९९० पर्यंत, म्हणजे जवळजवळ ३४ वर्षे त्या खुर्चीवर होते. १९६३ साली सरकारी शाळांत सक्तीने बायबल वाचून घेणे घटनाबाह्य ठरले, त्या निकालात ते बहुमतात होते, आणि त्यांनी स्वतंत्र लांबलचक मतही लिहिले. १९७३ साली बाईला गर्भपाताचा घटनात्मक हक्क आहे असा प्रसिद्ध निकाल लागला. त्यांचे चर्च त्याच्या कडाडून विरोधात, आणि ब्रेनन निकालाच्या बाजूने. आता उलट पाहा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले कॅथलिक न्यायमूर्ती म्हणजे १८३६ साली सरन्यायाधीश झालेले रॉजर टॉनी. १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात 'काळा माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही' असा निकाल लिहिणारे तेच. चर्च एकच, प्रार्थना एकच. एकाने माणसाला माणसातून उठवले, दुसऱ्याने आयुष्यभर दुबळ्याच्या हक्काचे निकाल लिहिले. मग कुणी सांगावे, की कॅथलिक म्हटल्यावर यातले काय कळले?

आम्हांला वाटते, श्रद्धा ही तिथे एक खूण म्हणून वापरली जाते. मालाच्या पोत्यावर छाप असतो तशी. पोत्यात काय आहे ते छाप सांगत नाही. गिऱ्हाईक मात्र छाप बघून घेते.

या छापाचा सर्वांत उघडा वापर २००५ साली झाला. धाकट्या बुश यांनी ऑक्टोबरच्या ३ तारखेला हॅरिएट मायर्स या आपल्या कार्यालयातील वकीलबाईंचे नाव सुचवले. बाईंनी कधी न्यायाधीशाचे काम केले नव्हते. घटनेच्या कायद्यात त्यांचा अभ्यास किती, म्हणून बुश यांच्याच पक्षातले लोक कुरकुरू लागले. तेव्हा त्यांना समजावण्यासाठी बुश म्हणाले की, धर्म हा त्यांच्या आयुष्याचा एक भाग आहे, आणि लोकांना त्यांच्याविषयी जाणून घ्यायचे आहे. कोणत्या चर्चमध्ये त्या जातात हे जणू प्रमाणपत्रच झाले. ऑक्टोबरच्या २७ तारखेला बाईंनी नाव मागे घेतले. आमचे म्हणणे एवढेच, की श्रद्धेवरून नापास करणे ही जर धर्मपरीक्षा, तर श्रद्धेवरून पास करणे हीसुद्धा धर्मपरीक्षाच. अशा वेळी घटनेच्या सहाव्या कलमाची आठवण फारशी कुणाला होत नाही, कारण कुणाचे पोट दुखत नाही.

आता अलीकडची, सगळ्यांत गाजलेली हकीगत. एमी कोनी बॅरेट या कायद्याच्या प्राध्यापिका, श्रद्धाळू कॅथलिक, सात मुलांची आई. २०१७ साली त्यांचे नाव वरिष्ठ केंद्रीय न्यायालयासाठी आले. सुनावणीत सिनेटर डायान फाइन्स्टाइन त्यांना म्हणाल्या की, तुमच्यात तुमच्या धर्माची शिकवण फार ठळकपणे वास करते आणि त्याची चिंता वाटते. देशभर गदारोळ झाला. बॅरेट यांच्या पाठीराख्यांनी ते शब्द कपांवर आणि सदऱ्यांवर छापून विकले!

पहिल्या रविवारी इथवर आल्यावर आम्ही मनात म्हणालो, बाईंनी विचारले ते बरोबरच विचारले. कारण पुढचे आम्हांला माहीत होते. २०२० च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग वारल्या, ऑक्टोबरात बॅरेट ५२ विरुद्ध ४८ मतांनी त्यांच्या जागी आल्या, आणि २०२२ च्या जूनमध्ये १९७३ चा तो गर्भपाताचा निकाल रद्द झाला. बहुमतात बॅरेट होत्या. मग फाइन्स्टाइनबाईंची भीती खरी नाही का ठरली?

पण मुलाने कागदावर एक यादी करून ठेवली होती, ती दुसऱ्या रविवारी आम्ही नीट पाहिली. तो निकाल रद्द करण्याविरुद्ध ज्या तिघांनी मत लिहिले, त्यांत सोनिया सोटोमायोर होत्या. त्याही कॅथलिकच. आणि निवड कशी झाली तेही पाहा. ट्रम्प यांनी २०१६ च्या प्रचारातच सांगून टाकले होते की, मी नेमलेले न्यायाधीश आले की तो निकाल आपोआप जाईल. त्यांना कॅथलिक नको होते, प्रोटेस्टंट नको होते. त्यांना तो निकाल हवा होता. बाईंचा देव विचारून यातले काय हाती लागणार? विचारायचे होते तर दुसरेच विचारायला हवे होते, आणि त्याचा धागा बॅरेट यांनीच आपल्या हाताने देऊन ठेवला होता. १९९८ साली एका प्राध्यापकाबरोबर त्यांनी एक लेख लिहिला. ज्या कॅथलिक न्यायाधीशाची सदसद्विवेकबुद्धी फाशीच्या शिक्षेला परवानगी देत नाही त्याने काय करावे, असा त्याचा विषय. त्यांचे उत्तर असे की, अशा न्यायाधीशाने आपल्या धर्माप्रमाणे कायदा वाकवू नये. काही खटल्यांतून त्याने बाजूला व्हावे. न्यायमूर्ती स्कॅलिया, तेही कॅथलिक, २००२ साली याहून पुढे गेले. फाशी पाप आहे असे ज्याला वाटते त्या न्यायाधीशाने राजीनामाच द्यावा, असे ते म्हणाले. मग सरळ विचारा ना, की तुम्ही कोणत्या खटल्यातून बाजूला व्हाल? तुमच्या या लेखाचे काय? तुमच्या त्या निकालाचे काय? हे प्रश्न कॅथलिकाला विचारता येतात, ज्यूला येतात, देव न मानणाऱ्यालाही येतात. कारण प्रत्येकाच्या मनात काही ना काही बसलेले असतेच.

यानंतरची हकीगत वाचून मात्र आम्ही कागद खाली ठेवला. २०१८ साली नेब्रास्का राज्यातले ब्रायन ब्यूशर यांचे नाव जिल्हा पातळीवरच्या केंद्रीय न्यायालयासाठी आले. ते 'नाइट्स ऑफ कोलंबस' या कॅथलिक पुरुषांच्या सेवाभावी संघटनेचे सभासद. न्यायविषयक समितीतील दोन महिला सिनेटरांनी डिसेंबरात त्यांना त्या सभासदत्वावरून लेखी प्रश्न पाठवले. एकीने तर विचारले की, न्यायाधीश झालात तर ते सभासदत्व सोडाल का? एक होत्या कमला हॅरिस. सभासदत्व सोडण्याचे विचारणाऱ्या होत्या हवाई बेटांवरच्या मेझी हिरोनो. जपानात जन्मलेल्या, बौद्ध घरात वाढलेल्या, अमेरिकन सिनेटमध्ये निवडून आलेल्या पहिल्या बौद्ध. आचरणाने आपण फारशा बौद्ध नाही, असे त्या स्वतःच म्हणतात. पण आम्हांला त्यांचा केवढा अभिमान! आणि नेमक्या त्यांनीच हे विचारावे? पुढच्याच महिन्यात सिनेटने एकमुखाने ठराव केला की, या संघटनेचा सभासद म्हणून कुणाला अपात्र मानणे घटनेच्या विरुद्ध आहे. २०१९ साली ब्यूशर न्यायाधीश झाले.

कागद खाली ठेवला, कारण आम्हांला आमची बालवाडी आठवली.

साताठ वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने विहाराच्या सभागृहात बालवाडी सुरू केली. शिक्षिकेसाठी तीन अर्ज आले. त्यांतल्या एका बाईंनी बालवाडीचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते, दोन वर्षे दुसरीकडे शिकवलेही होते. मुलाखतीला आम्ही चौघे बसलो, कार्यवाह म्हणून प्रश्न आमच्याकडे. आम्ही विचारले, "घरात देव्हारा आहे का?" बाई खाली बघून म्हणाल्या, "सासूबाईंचा आहे. मी हात जोडत नाही, सर. पण त्यांचा देव्हारा मी कसा काढू?" आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिले. निवड दुसरीची झाली. तिने आमच्या प्रत्येक प्रश्नाला आम्हांला हवे ते उत्तर दिले होते, आणि चार महिन्यांत ती सोडून गेली. बालवाडी बंद पडली.

आणि हे कुणी करावे? ज्याला स्वतःला हे सोसावे लागले त्याने. वरिष्ठ लिपिकाच्या बढतीसाठी आमची मुलाखत झाली त्याला आता पंधरा वर्षे होत आली. ताळेबंद, मेळ, थकबाकीचे तक्ते, सगळे आम्ही रात्ररात्र घोकून गेलो होतो. साहेबांनी एकच विचारले, "कचेरीतल्या सत्यनारायणाला तुम्ही थांबत नाही म्हणे? सगळ्यांशी जुळवून घ्याल ना?" ताळेबंद कुणी विचारलाच नाही. त्या वर्षी बढती हुकली. ही गोष्ट आम्ही किती सभांतून सांगितली असेल! लोक टाळ्या वाजवायचे. आणि विहारातल्या त्या टेबलामागे बसल्यावर आम्हीच साहेब झालो.

दोन्ही टेबलांवर चूक एकच होती. कामाचे काही विचारले नाही.

असो. अमेरिकेत टेबले अशीच उलटत राहिली. बॅरेटबाईंच्या वेळी 'धर्मपरीक्षा, धर्मपरीक्षा' म्हणून ओरडणारा जो पक्ष, त्याच पक्षाच्या सिनेटरांपुढे २०२३ च्या डिसेंबरात अदील मंगी हे वकील बसले. पाकिस्तानात जन्मलेले, न्यू जर्सीत राहणारे मुस्लिम. राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी त्यांचे नाव वरिष्ठ केंद्रीय न्यायालयासाठी सुचवले होते. निवड झाली असती तर त्या पायरीवरचे ते पहिले मुस्लिम न्यायाधीश ठरले असते. त्यांना विचारले काय, तर हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्याबद्दल आणि २००१ च्या न्यूयॉर्कच्या हल्ल्याबद्दल तुमचे मत काय! एका विद्यापीठातील केंद्राच्या सल्लागार मंडळावर ते होते, हे निमित्त. त्या भागात आपली मराठी मंडळीही पुष्कळ राहतात. कुणाचा मुलगा उद्या तिथे वकील होईल, त्यालाही असेच काही विचारले जाईल. आणखी एका संस्थेशी असलेल्या संबंधावरून बायडन यांच्या पक्षातलेही काही सिनेटर मागे सरले. मंगी यांच्या नावावर मतदान झालेच नाही; २०२५ च्या सुरुवातीला ते नाव आपोआप बाद झाले. बरे, मुस्लिम म्हटल्यावर सगळ्यांचीच वाट अडते म्हणावे, तर त्याच न्यू जर्सीत २०२१ साली झाहिद कुरैशी ८१ विरुद्ध १६ मतांनी केंद्रीय न्यायाधीश झाले होते. म्हणजे धर्म हे कारण कधी असते, कधी नसते. हाताशी मात्र ते नेहमीच असते.

२०२२ च्या मार्चमध्ये तर कमाल झाली. सर्वोच्च न्यायालयासाठी नाव आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला केतनजी ब्राउन जॅक्सन यांना सिनेटर लिंडसे ग्रॅहॅम यांनी विचारले, तुमचा धर्म कोणता, आणि एक ते दहा या मोजपट्टीवर तुम्ही किती श्रद्धाळू? बॅरेटबाईंना कसे छळले गेले ते दाखवण्यासाठी हे विचारतो, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्याने केलेला अन्याय दाखवण्यासाठी तोच अन्याय तिसरीवर! जॅक्सनबाईंनी आपण प्रोटेस्टंट असल्याचे सांगितले, घटनेत धर्मपरीक्षेला जागा नाही याची आठवण करून दिली, आणि श्रद्धेला गुण देण्याचे नाकारले. ५३ विरुद्ध ४७ मतांनी त्या निवडल्या गेल्या.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे अर्धवट राहील. धर्म विचारू नये म्हणजे खुर्च्यांकडे पाहूच नये, असे नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयात १७८९ पासून १८३६ पर्यंत सगळे प्रोटेस्टंट, १९६७ पर्यंत सगळे गोरे, १९८१ पर्यंत सगळे पुरुष. त्या काळात कुणालाही उघड प्रश्न विचारावा लागला नाही, कारण न विचारताच परीक्षा होत होती. मग २०१० साली असे झाले की नऊ जणांत एकही प्रोटेस्टंट उरला नाही. सहा कॅथलिक आणि तीन ज्यू. आकाश कोसळले नाही. बौद्ध, हिंदू किंवा मुस्लिम तिथे अजून एकदाही बसलेला नाही. श्रीकांत श्रीनिवासन हे हिंदू कायदेपंडित त्याच्या खालच्या पायरीवर २०१३ साली ९७ विरुद्ध ० मतांनी पोचले आणि त्यांनी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली, तेवढेच. दार सगळ्यांना उघडे हवे, आणि आत येणाऱ्याच्या गळ्यात काय आहे ते तपासणारा शिपाई दारात नको, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात.

आपल्याकडे २०२५ च्या मे महिन्यात न्यायमूर्ती भूषण गवई सरन्यायाधीश झाले, पहिले बौद्ध सरन्यायाधीश. वस्तीत पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. सप्टेंबरात खजुराहोच्या मूर्तीच्या याचिकेवर त्यांनी काढलेल्या उद्गारावरून एवढे काहूर उठले की, आपण सर्व धर्मांचा आदर करतो असे त्यांना भर न्यायालयात सांगावे लागले. ऑक्टोबरात एका वकिलाने त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. निवडीच्या वेळी आपल्याकडे धर्म विचारीत नाहीत. तो नंतर असा विचारला जातो.

मुलाचा निबंध चांगला झाला. टोरकासोची तळटीप त्याने आमच्या आग्रहाखातर वाचून दाखवली.

आमच्या सौ.ना आम्ही हे सगळे वाचून दाखवले, तेव्हा त्या भाकऱ्या थापत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही तिला देव्हारा विचारलात. पोर रडायला लागलं तर काय करशील, हे चौघांपैकी एकानेही विचारलं नाही." त्या बाई आता दोन गल्ल्या सोडून अंगणवाडीत आहेत. बाजारात दिसल्या की त्या 'जय भीम, सर' म्हणतात, आम्हीच भाजी निवडत राहतो.

मंडळाने बालवाडी पुन्हा सुरू करायचे ठरवले आहे. येत्या रविवारी मुलाखती आहेत, आणि प्रश्नांची यादी करण्याचे काम पुन्हा आमच्याकडेच आले. आम्ही आठ प्रश्न काढले. देव्हाऱ्याचा प्रश्न अर्थातच घेतला नाही. सौ.नी यादी वाचली आणि पाचव्या प्रश्नावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली. प्रश्न होता, 'घरचे वातावरण कसे आहे?' आम्ही काही बोललो नाही. सात प्रश्नांची यादी टाइपाला दिली.